निळ्या दिव्याखाली लेक

माझी थोरली मुलगी जन्मली तेव्हा गोंदियाच्या आसपास मंडईचे दिवस होते. दिवाळी झाली की आमच्याकडे एकेका गावाची मंडई ठरते. त्या दिवशी गावात बाजार भरतो, लेकी-जावई येतात, रात्री नाटक असतं. माझे सासरे दवनीवाड्याच्या घरी पाहुण्यांना पान लावून देत बसले होते. कुणीतरी फोनवरचा निरोप आणला, तसे ते उठले आणि शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून थेट गोंदियाच्या दवाखान्यात आले. खांद्यावर नवा दुपट्टा, तोंडात पान, हातात जिलेबीचा पुडा.

"पोट्टी झाली म्हंतेत. कोठी आहे?"

इकडच्या रीतीप्रमाणे मी सासऱ्यांना मामाजी म्हणते. मामाजींनी पाळण्यात वाकून पाहिलं. डोकंभर काळेभोर केस, मुठी आवळलेल्या, कपाळाला आठ्या. बराच वेळ निरखून त्यांनी निकाल दिला, "नाक आमच्या घरचं आहे. कान कोनाचे आहेत माहीत नाही." आणि जिलेबी सगळ्या वॉर्डभर वाटली.

मी तेव्हा गोंदियाजवळच्या गोरेगावच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत होते. माझं माहेर नागपूरचं. आई मी शाळेत असतानाच गेलेली, त्यामुळे पहिल्या बाळंतपणाला माहेरी जायचा प्रश्न नव्हता. सासूबाईंचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळ्यावर हिरवी पट्टी आणि धुळीत जायची मनाई. नवऱ्याचं गोरेगावात मोटारपंप दुरुस्तीचं दुकान होतं, तो रोज ये-जा करायचा. बाळंतिणीजवळ बाईमाणूस हवं हा नियम बाजूला ठेवून आमच्या घरानं माझ्याजवळ मामाजींना ठेवलं. ते वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसत, गरम पाणी आणत, आणि दर थोड्या वेळानं दारातून विचारत, "पाजलं का वं बाई?"

खरं म्हणजे माझं आणि मामाजींचं फारसं पटत नसे. भांडण नव्हतं, पण मत एक झालंय असं कधी घडलं नव्हतं. माझ्या गाडी चालवण्यावरून, ग्रहणात भाजी चिरण्यावरून, टीव्हीच्या आवाजावरून आमचे दोन पक्ष ठरलेले असायचे, आणि नवरा मध्ये.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळांच्या डॉक्टर बाई आल्या. पन्नाशीच्या, सुती साडीवर पांढरा कोट, बोलणं अर्धं हिंदी आणि अर्धं मराठी, गोंदियाच्या बाजारात बोलतात तसं. त्यांनी मुलीच्या नाकाच्या शेंड्यावर बोट दाबलं आणि उचललं. बोटाखालची कातडी पिवळी दिसली. मग छातीवर दाबलं. तिथंही पिवळी.

"जल्दी चढून राहिली," त्या म्हणाल्या. "खून जांच करून घेऊ."

नवजात बाळांना थोडी कावीळ होतेच, हे मला माहीत होतं. मी निर्धास्त होते. दुपारी डॉक्टर बाई पुन्हा आल्या तेव्हा त्यांच्या चालीवरूनच कळलं की काहीतरी आहे.

"तुमचा ब्लडग्रुप ओ. हिचा बी, बापासारखा. तुमच्या रक्तातून काही अँटिबॉडीज हिच्याकडं गेल्या आहेत आणि त्या हिच्या लाल पेशी फोडून राहिल्या. म्हणून कावीळ इतकी. आजच लाईटमध्ये ठेवायचं."

रक्तगट मी दरवर्षी फळ्यावर शिकवायची. आई ओ, बाप बी, तर मुलं कोणत्या गटाची होतील, हे गणित मी झोपेतही सोडवलं असतं. लग्न ठरलं तेव्हा मी ते गमतीनं आमच्या दोघांसाठी मनातल्या मनात मांडलंही होतं. पण त्या गणितातून एक पिवळं बाळ बाहेर येईल हे काही सुचलं नव्हतं.

मामाजी दारात उभे राहून सगळं ऐकत होते. "म्हंजे दोन घरची रक्तं भांडून राहिली?" ते म्हणाले. "लग्नात तर काहीच भांडण नव्हतं झालं."

डॉक्टर बाईंना हसू आलं. "असंच समजा, बाबाजी."

लाईटची खोली शेजारीच होती. मी भिंतीला धरत दारापर्यंत गेले. आत एका छोट्या काचेच्या पाळण्यावर नळ्यांचा दिवा लटकत होता आणि त्याखाली दुसऱ्या कुणाचं तरी बाळ उघडं झोपलं होतं. सगळी खोली निळी. भिंत निळी, सिस्टरचा पांढरा ड्रेस निळा, ते बाळही निळसर.

एम.एस्सी.ला असताना आमच्या प्रयोगशाळेत बुरशी वाढवायची एक काचेची पेटी होती. तिच्यात एक निळसर दिवा असे. पेटीत हात घालायच्या आधी तो दिवा बंद करायचा, ही सरांची सक्त ताकीद होती. त्या दिव्यातल्या अतिनील किरणांनी जंतू मरतात, कारण त्यांचा डीएनए मोडतो. ती शिडी, जी मी मुलांना रंगीत खडूंनी काढून दाखवायची, तिच्या शेजारशेजारच्या पायऱ्या एकमेकींना चिकटतात आणि शिडी वाकडी होते. पेशीला मग ती नीट वाचता येत नाही. एखादी चूक राहून गेली तर ती पुढच्या पेशींत जाते. हे सगळं मला एका क्षणात आठवलं. जन्मून दोन दिवस झालेली, जिच्या अंगात क्षणाक्षणाला नव्या पेशी तयार होताहेत अशी माझी मुलगी, आणि तिच्यावर तो उजेड.

तेवढ्यात मागून मामाजींचा आवाज आला.

"हा तर मिठाईवाल्याच्या दुकानातला लाईट होय."

"कोणता, मामाजी?"

"तो नाही का, माश्या-मच्छर येऊन चर्रकन मरतेत तो. टेसनाजवळच्या हॉटेलात लावलेला राहते." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "याच्याखाली लेकराले कायले ठेवतेत?"

मामाजींना वाटत होतं तेच मलाही वाटत होतं, फक्त माझ्या भीतीला मोठी मोठी नावं होती.

आम्ही दोघं बाकावर बसलो. मामाजी म्हणाले की गोरेगावच्या पलीकडे एका गावात काविळीची माळ देणारा माणूस आहे. कसल्यातरी काड्यांची माळ. ती डोक्यावर ठेवली की कावीळ उतरते तशी माळ लांब होत गळ्यात, मग पोटापर्यंत येते. मी म्हणाले, माळेचं राहू द्या, पण सकाळच्या उन्हात ठेवून पाहायला काय हरकत आहे? ते म्हणाले, ऊन तर चांगलंच. मी म्हणाले, लाईट नकोच. ते म्हणाले, बिलकूल नको.

नवरा डबा घेऊन आला तेव्हा आम्ही एकमेकांच्या बोलण्याला माना डोलवत होतो. तो जिन्यातच थबकला.

"तुम्ही दोघं एका बाजूनं? मंग तर नक्की काहीतरी गडबड आहे."

मी त्याला सांगितलं. त्यानं डबा खाली ठेवला आणि डॉक्टर बाईंना बोलावून आणलं.

मी म्हणाले, "डॉक्टर, मला थोडा वेळ हवा आहे."

"वेळ तुम्हाला देईन. हिला देता येणार नाही," त्या म्हणाल्या. मग माझ्या तोंडाकडे पाहून स्टूल ओढून बसल्या. "काय वाटून राहिलं ते सांगा. पूरा सांगा."

मी अतिनील किरणांचं सांगितलं, प्रयोगशाळेतली पेटी सांगितली, शिडी सांगितली. मामाजींनी मध्येच मिठाईचं दुकानही सांगितलं. बाई हसल्या नाहीत. उठल्या, आम्हाला लाईटच्या खोलीच्या दारापाशी नेलं आणि आत जाऊन स्वतःचा हात मनगटापर्यंत त्या दिव्याखाली धरला.

"हा निळा आहे. तुमचा तो पेटीतला वेगळा, निळ्याच्याही पलीकडचा, जो डोळ्याला दिसतच नाही. मिठाईवाल्याचाही तसलाच, बाबाजी. त्याच्यातून थोडं निळं दिसते म्हणून आपण फसतो. इथल्या नळ्या वेगळ्या, आणि वरून हा प्लास्टिकचा पत्रा लावला आहे, थोडंफार असलं तरी तिथं अडते." मग त्यांनी समजावून सांगितलं की काविळीचा पिवळा रंग हा निळा उजेड शोषून घेतो, त्यानं त्याचा आकार बदलतो, आणि बदललेला रंग पित्तातून, लघवीतून बाहेर पडू लागतो. ऊनही थोडं काम करतं, पण इतक्या चढलेल्या काविळीला पुरत नाही, आणि या थंडीत एवढं बाळ उघडं ठेवता येत नाही.

मी एका अर्थानं सुटले होते. माझी भीती चुकीच्या दिव्याची होती. पण मी विचारलंच, "म्हणजे डीएनएला काहीच होत नाही?"

इथं त्या "काहीच नाही" म्हणाल्या असत्या तर मी तेव्हा खूश झाले असते.

"असं मी सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या. "प्रयोगशाळेत पेशींवर असा उजेड टाकून पाहिला, तेव्हा डीएनएला इजा झालेली दिसली, असं मी वाचलं आहे. पेशी ती दुरुस्तही करते, ते तुम्ही शिकवत असाल. पण पाळण्यातल्या बाळांत त्याचं पुढं काय होते, काही होते की नाही, ते पक्कं कोणाला माहीत नाही. मी इतकी वर्षं बाळं ठेवून राहिली, मला काही वाईट दिसलं नाही. पण न दिसणं म्हणजे नसणं नाही." त्यांनी हात दिव्याखालून काढला. "आणि ही कावीळ मेंदूत उतरली तर काय होते, ते मला पक्कं माहीत आहे. मी ती मुलं पाहिली आहेत. ऐकू येत नाही, मान धरत नाहीत. उजेडानं उतरली नाही तर हिचं रक्त बदलावं लागेल, त्याचा धोका वेगळाच. म्हणून मी उजेड औषधासारखा देते. लागेल तेवढा, आणि काम झालं की त्याच घडीला बंद."

"आणि हा लंगोट?" मी विचारलं. दिव्याखालच्या त्या बाळाच्या अंगावर डोळ्यांवरची पट्टी आणि लंगोट, एवढंच होतं.

"पट्टी डोळ्यांसाठी. लंगोट त्याच कारणानं, जे तुम्ही विचारून राहिल्या. पुढच्या पिढीचं बीज तिथंच असते ना. धोका सिद्ध झालेला नाही, पण झाकायला काय जाते?"

मामाजींनी नेमकं हेच पकडलं. "म्हंजे मोठी झाल्यावर पोट्टीले लेकरं होतील ना?"

"बाबाजी, आधी तिचं बारसं तर करा."

"ते करू. तुम्ही सांगा."

"माझ्या लाईटमधून गेलेल्या पहिल्या पहिल्या मुली अजून शाळेत आहेत," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही शंभर वर्षं जगा आणि पाहा."

नवरा माझ्याकडे पाहत होता. त्याचा चेहरा मला वाचता येतो. त्याचं कधीच ठरलं होतं, तो माझ्यासाठी थांबला होता. मी खाटेवर येऊन मुलीला मांडीवर घेतलं. तिच्या डोळ्यांचे पांढरे भागही आता पिवळे दिसत होते, आणि सकाळपेक्षा ती सुस्त होती. सकाळी दूध मिळायला उशीर झाला की आकांत करायची. आता नुसती ओठ हलवत होती. एकीकडे होतं एक "कदाचित", आणि दुसरीकडे जे होतं ते माझ्या मांडीवर झोपून पिवळं होत चाललं होतं.

"ठेवा," मी म्हणाले.

मामाजी बाहेर जाऊन पान थुंकून आले, चूळ भरली आणि म्हणाले, "मंग मीही आत बसतो."

बसू दिलं नाही.

लाईटमध्ये ठेवल्यावर आमच्या लेकीला आपण आजारी आहोत याचा विसर पडला असावा. ऊब मिळाली तशी ती हातपाय ताणून पसरली. डोळ्यांवर कापसाच्या घड्या, वरून पट्टी, जणू समुद्रकिनारी पहुडलेली कुणी नटी. दर थोड्या वेळानं ती पायांनी सायकल चालवायची, मग हात वर नेऊन पट्टी ओढायची. सिस्टर पट्टी बसवायची, ती पुन्हा ओढायची. सिस्टर म्हणाली, "मॅडम, आप की बेटी तो नेता बनेगी. सुनती ही नहीं किसी की." मला दर दोन-अडीच तासांनी पाजायला बोलावत. ती निळ्यातून बाहेर माझ्या कुशीत आली की पुन्हा पिवळी दिसायची, आणि मला प्रत्येक वेळी वाटायचं, आधीपेक्षा कमी आहे. नवऱ्यालाही तसंच वाटायचं. मामाजींना तर खात्रीच होती, पण ती माळेमुळे.

कारण माळ आली होती. मामाजींनी निरोप धाडून ती मागवलीच. दुपट्ट्याच्या टोकात बांधून ती डॉक्टर बाईंसमोर उघडली, तेव्हा मला लाजेनं जमिनीत जावंसं वाटलं. इवल्या काड्या, मध्ये दोऱ्याच्या गाठी.

"आत नाही न्यायची," डॉक्टर बाई म्हणाल्या. "इन्फेक्शन होईल. बाहेर खिडकीच्या गजाला बांधा."

"तिथून काम करन का?"

"पाहू ना."

मामाजींनी ती लाईटच्या खोलीच्या खिडकीला बाहेरून बांधली आणि रोज येता-जाता तिची लांबी बोटांनी मोजू लागले. काड्या वाळल्या की आकसतात, गाठी ढिल्या पडतात, माळ लांबते. मला ते कळत होतं. मी सांगितलं नाही. त्यांना काहीतरी करायचं होतं, आणि ती माळ खिडकीबाहेर कुणाचं काही बिघडवत नव्हती.

मग एका भर दुपारी वीज गेली. त्या वर्षांत भारनियमन रोजचंच होतं, पण वेळा ठरलेल्या असत. ही भलत्याच वेळी गेली. पंखे थांबले, आणि निळी खोली एकदम साधी, मळकट भिंतींची खोली झाली. सिस्टरनं मुलगी माझ्याकडे दिली, मी पाजायला घेतली. खाली जनरेटरचा दोर ओढल्याचा आवाज आला. पुन्हा ओढल्याचा. जनरेटर नुसता खोकत होता.

आणि मग साऱ्या दवाखान्यात मामाजींचा आवाज घुमला.

"लाईट लावा ना बापा! पोट्टी बिना लाईटची आहे! काऊन चालू नाही होऊन राहिला?"

ज्या लाईटला त्यांनी माश्या मारायचं यंत्र म्हटलं होतं, त्यासाठी ते जिना उतरून धावत होते. सुदैवानं नवरा तेव्हाच डबा घेऊन आला होता. मोटारी आणि पंप हे त्याचं रोजचंच. त्यानं शर्टाच्या बाह्या वर केल्या, जनरेटरवाल्याला बाजूला केलं, कुठलीशी नळी काढून फुंकली, पुन्हा लावली आणि दोर ओढला. इंजिन धडधडलं. वर खोली निळी झाली आणि शेजारच्या खाटांवरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. नवरा काळ्या हातांनी वर आला, आणि मामाजी त्याच्या मागून, जणू जनरेटर त्यांनीच चालू केला.

"झालं," ते मला म्हणाले. "ठेव तिले आत. लवकर."

मी मुलीला सिस्टरकडे दिलं. त्यानंतर लाईटविरुद्ध आमच्या घरात कुणी बोललं नाही.

कावीळ लगेच उतरली नाही. पहिल्या तपासणीत ती चढायची थांबली होती, एवढंच. डॉक्टर बाईंना तेही पुष्कळ वाटलं. रक्त बदलण्याचं नाव त्या घेईनाशा झाल्या. पुढच्या तपासणीत उतरली. त्याच्या पुढच्या तपासणीचा रिपोर्ट हातात घेऊन त्या सरळ लाईटच्या खोलीत गेल्या आणि त्यांनी स्वतः बटण बंद केलं. मी दारातच होते. मुलीच्या डोळ्यांवरची पट्टी त्यांनी सोडली. तिनं डोळे किलकिले केले, आम्हा सगळ्यांकडे नापसंतीनं पाहिलं आणि मोठ्यांदा रडायला लागली. इतका जोरदार आवाज तिचा आम्ही जन्मल्यापासून ऐकला नव्हता.

"अर्धी माळेनं, अर्धी लाईटनं," मामाजी म्हणाले.

"चलेगा," डॉक्टर बाई म्हणाल्या. "पण पुढच्या वेळी आधी माझ्याकडं, मग माळेकडं."

"तसंच," मामाजी म्हणाले. वाटाघाटी पक्क्या झाल्या.

बाराव्या दिवशीच्या ऐवजी बारसं थोडं लांबवून केलं. धान घरात आलेलं, अंगण मोकळं, सासूबाईंच्या डोळ्यांची पट्टी निघालेली. त्यांनी नातीला प्रथमच नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "पिवळी कुठं आहे? ही तर गव्हाळी आहे." मामाजींनी गावभर सांगितलं की त्यांची नात निळ्या लाईटातून निघाली आहे. ते असं सांगत जसं कुणाचा पोरगा मुंबईहून शिकून आला आहे.

माझ्या मनातलं "कदाचित" मात्र तिथंच राहिलं. ते मोठं नव्हतं, रोज आठवायचंही नाही, पण मुलीला ताप आला, अंगावर नवा तीळ दिसला की डोकं वर काढायचं. शिडीचा धडा आला की मी फळ्यावर तुटलेली पायरी काढायची, दुरुस्त करणारं विकर, म्हणजे एन्झाइम, काढायची, आणि मुलांनी विचारण्याआधीच सांगायची की पेशी बहुतेक चुका दुरुस्त करते. बहुतेक. पुढे मोबाईलवर इंटरनेट आलं, तेव्हा मी शोधून वाचलं. उजेडाखाली ठेवलेल्या बाळांच्या रक्तपेशी काही संशोधकांनी तपासल्या होत्या. काहींना इजा दिसली, काहींना नाही. पुढे त्याचं काय, यावर त्यांचं एकमत नव्हतं. सगळेच लिहीत होते की गरज असेल तर उजेड द्यायलाच हवा, गरज नसताना देऊ नये. म्हणजे त्या बाईंनी स्टुलावर बसून जे सांगितलं तेच. दरम्यान मुलगी वाढत होती, झाडावर चढत होती, शाळेत भांडत होती. हळूहळू ते "कदाचित" मला घरातल्या एखाद्या जुन्या पाहुण्यासारखं वाटू लागलं. असतं, पण कुणी त्याच्यासाठी उठून उभं राहत नाही.

मुलगी पाचवी-सहावीत असताना माझ्या नणंदेला मुलगा झाला. नवऱ्याची ही धाकटी बहीण दरेकसाला दिलेली. डोंगर, जंगल, एक छोटं स्टेशन आणि थोडी शेती. बाळ तिथल्या जवळच्या सरकारी दवाखान्यात झालं आणि सगळं ठीक म्हणून घरी आणलं. मग नणंदेचा फोन आला. "वयनी, बाळ पिवळं दिसून राहिलं. सासूबाई म्हंतेत, कावीळ उतरवणाऱ्याकडं नेऊ."

मी काही बोलायच्या आत मामाजींनी माझ्या हातातून मोबाईल घेतला.

"समधीनबाईले दे," ते म्हणाले. मग विहीणबाई फोनवर आल्या तशी, "हां, राम राम. ऐका. माझी नात पाहिली ना तुम्ही? मागच्या उन्हाळ्यात तुमच्या आंब्यावर चढली होती ते? तीच. तिले असंच झालं होतं. लेकराले गुंडाळा आणि गाडीत बसा. आज. उतरवणारा कोठी पळून नाही जाऊन राहिला. मी गोंदियाले टेसनावर उभा राहतो."

ते खरंच उभे राहिले. पॅसेंजर उशिरा आली. नणंद शालीत बाळ गुंडाळून उतरली, मागे तिची सासू, तोंड जरा फुगवून. मामाजींनी विहिणीच्या हातातली पिशवी स्वतः घेतली आणि दवाखान्यापर्यंत वाटेत तिला लाईटचं सगळं समजावलं. त्यातलं निम्मं बरोबर होतं. मी दुरुस्त केलं नाही.

डॉक्टर बाई आता पांढऱ्या केसांच्या झाल्या होत्या. नळ्यांच्या जागी छोटे दिवे आले होते, तितके गरम न होणारे. त्यांनी बाळाच्या नाकावर बोट दाबलं, मग माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही प्रश्नवाल्या मॅडम ना?"

"हो."

"मी अजून वाचून राहिली," त्या म्हणाल्या. "अजून पूरं उत्तर नाही आलं. पण आता आम्ही आधीपेक्षा जपून ठेवतो, लवकर काढतो."

नणंद खाटेवर बसून होती. सिस्टर पट्टी आणि लंगोट घेऊन आली, तेव्हा तिनं माझं मनगट धरलं. ती बारावीपर्यंत शिकलेली, माझीच विद्यार्थिनी.

"वयनी, खरं सांगा. याच्यानं पुढं काही होईल का?"

तिच्याशी खोटं बोलणं सोपं होतं. तिची सासू ऐकत होती, मामाजी ऐकत होते.

"पक्कं कुणालाच माहीत नाही," मी म्हणाले. "धोका असलाच तर फार बारीक आहे, असं मला वाटतं. आणि न ठेवण्याचा धोका मोठा आहे, तो मात्र माहीत आहे. मी माझ्या पोरीला ठेवलं होतं. आज परत तीच वेळ आली तर परत ठेवीन."

सिस्टरनं हात पुढे केले. बाळानं डोळे न उघडताच तोंड उघडलं, इकडेतिकडे शोधलं आणि काही मिळत नाही म्हटल्यावर लालबुंद होऊन ओरडायला सुरुवात केली. पिवळ्यावर लाल, असा काही विचित्र रंग झाला.

"थांबा," नणंद सिस्टरला म्हणाली. "ठेवा ना, मी नाही कुठं म्हंते. पण आधी भूक लागली त्याले." आणि तिनं पदर ओढून त्याला जवळ घेतलं.

तिची सासू पहिल्यांदाच हसली. मामाजी उठून बाहेर गेले, आणि परत आले ते सगळ्या वॉर्डाला पुरतील एवढे समोसे घेऊन.